बाटलीवरची कोकरं: गोराईच्या वाडीत दोन आली आहेत, सल्ला हवा

गोराईवाडी

नमस्कार. घाई आहे म्हणून थेट मुद्द्याचं लिहिते.

भिवंडीच्या पुढे माझ्या मामांची शेती आहे. भात निघाला की तिथे धनगरांची मेंढरं बसतात. काल रात्री त्यातली एक मेंढी व्यायली, जुळी झाली आणि पहाटे ती गेली. वाड्याचा, म्हणजे धनगरांच्या तळाचा, मुक्काम आज हलणार होता आणि नुकती व्यालेली दुसरी मेंढी कळपात नव्हती. म्हणून धनगरमामांनी दोन्ही कोकरं अर्धेलीने आमच्याकडे दिली. जगली तर एक तुमचं, एक आमचं. पावसाच्या आधी वाडा परत फिरेल तेव्हा बघू म्हणाले. मामांनी टेम्पोने बोरिवलीपर्यंत आणून दिली, तिथून बोटीने खाडी ओलांडून आत्ताच गोराईला पोचलो.

आमच्याकडे शेळ्या आहेत, करडं नेहमीची. पण बाटलीवर पिल्लू वाढवायची वेळ कधी आली नव्हती. नर बरा आहे. उभा राहतो, ओरडतो, त्याने आईला थोडंफार ओढलं होतं असं मामा म्हणाले. मादी अगदी लहान, दोन किलोच्या आसपास. मान टाकून पडली आहे, तोंडात बोट घातलं तर चोखत नाही. घरात पिशवीचं दूध आहे, बाळाची बाटली आहे. सासूबाई म्हणतात निम्मं पाणी घालून कोमट पाज. पाजू का? किती? कृपया लवकर सांगा.

गुरांचा_डॉक्टर

ताई, मादीला आत्ता काहीही पाजू नका. चोखत नसलेल्या पिल्लाच्या तोंडात दूध ओतलं की ते फुप्फुसात जातं आणि दोन दिवसांनी न्यूमोनिया होतो.

घरात तापाचं थर्मामीटर असेलच. टोकाला तेल लावून गुदद्वारात हलकेच घाला आणि आकडा सांगा. कोकराचं नॉर्मल तापमान १०२ ते १०४ फॅरनहाइट असतं. आपल्याला जे ९८.६ म्हणजे ठणठणीत वाटतं, ते कोकरासाठी धोक्याचं गारठणं आहे. मुंबईत थंडी कुठे, असं समजू नका. ओलं अंग, रिकामं पोट आणि खाडीवरचा वारा एवढं त्याला पुरतं.

गारठलेल्या पोटात दूध पचत नाही. आधी ऊब, मग दूध. हा क्रम चुकवायचा नाही.

गोराईवाडी

मादी ९९.२. नर १०२.४. तिचं तोंड आतून गार लागतंय.

गुरांचा_डॉक्टर

९९ म्हणजे हाताबाहेर गेलेलं नाही. ९८.६ च्या खाली असती आणि मान धरत नसती तर पोटात ग्लुकोजचं इंजेक्शन द्यावं लागलं असतं. ते काम घरी करायचं नाही, डॉक्टरच लागतो.

आता असं करा. जुन्या टॉवेलने चोळून चोळून कोरडी करा, पोट आणि काखा विशेष. पुठ्ठ्याच्या खोक्यात पोतं अंथरा, गरम पाण्याच्या दोन बाटल्या फडक्यात गुंडाळून दोन्ही बाजूंना ठेवा. बाटली थेट अंगाला लावू नका, कातडी भाजते. पंखा बंद. अर्ध्या तासाने परत तापमान घ्या. १०१ च्या वर गेली की तोंडात बोट घालून बघा. जीभ बोटाभोवती गुंडाळून ओढायला लागली की पाजायला तयार झाली.

नाळेला टिंक्चर आयोडीन लावलं का? नसेल तर दोघांनाही लावा. छोट्या वाटीत घेऊन नाळ त्यात बुडवा, नुसता बोळा फिरवून भागत नाही.

आणि तोवर घरातल्या बाकीच्यांना चीक शोधायला पाठवा. पिशवीच्या दुधाचं नंतर बघू. पिल्लाच्या रक्तात जन्मतः रोगप्रतिकारक द्रव्यं जवळपास नसतात, ती सगळी पहिल्या चिकातून येतात. आणि आतडं ती फक्त पहिला दिवसभर आत घेतं. पहिल्या सहा तासांत सगळ्यात जास्त, बारा तासांनंतर झपाट्याने कमी, चोवीस तासांनी दार बंद. तुमची वेळ चालली आहे.

आरेचा_पाडा

चीक गोठ्यातून आणणार असाल तर एक सांगतो. तबेल्यावर म्हशीचा चीक मिळतो, लोक खरवसाला नेतातच. पण दुकानात डबा भरून ठेवलेला असतो त्यात दूध मिसळलेलं असतं, पहिल्या दिवसाचा असेलच असं नाही. आजूबाजूला ताजी व्यालेली शेळी असेल तर तिचाच घ्या.

गुरांचा_डॉक्टर

बरोबर. शेळीचा पहिला पर्याय, गाय-म्हशीचा दुसरा. तुमच्याच गावातल्या शेळीचा असेल तर तिथल्या रोगांशी लढणारी द्रव्यंही त्यात असतात.

तापवताना काळजी घ्या. चीक गॅसवर ठेवला की त्याचा खरवस होतो हे प्रत्येक घरात माहीत आहे. तो जो घट्ट होतो, तीच प्रथिनं आपल्याला कोकराच्या पोटात जिवंत पोचवायची आहेत. म्हणून भांडं कोमट पाण्यात ठेवून फक्त अंगाइतकं ऊन करायचं. मायक्रोवेव्ह नको.

किलोमागे ५० मिली एका वेळेला. म्हणजे मादीला १००, नराला दीडशे, आणि चोवीस तास भरेपर्यंत असं तीन-चार वेळा.

काही पुस्तकांत अंडं आणि एरंडेल तेल घातलेल्या दुधाची कृती दिलेली असते. त्याने पोट भरेल, साफही होईल, प्रतिकारशक्ती येणार नाही. चीक मिळतच नसेल तरच तो विचार.

गोराईवाडी

मिळाला! शेजारच्या पाखाडीत आज सकाळीच एक शेळी व्यायली आहे, एकच करडू आहे तिला. घरवाल्यांनी वाटीभर पिवळाधमक चीक काढून दिला. मादी १०१.५ ला आली आणि बोट ओढायला लागली. ७० मिली प्यायली. नराने दीडशे संपवून बाटलीलाच ढुसण्या द्यायला सुरुवात केली.

सगळ्यांचे मनापासून आभार. आता पुढचं सांगा. रात्री किती वेळा उठायचं?

वाघर

ताई, मी माण तालुक्यातला. वाशीच्या मार्केटला माथाडी काम करतो, भाऊ अजून मेंढरामागं असतो. तुमचा धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो.

बाटलीचं सोडा. ती शेळी एकाच करडाची आहे म्हणताय, तिला सड दोन आहेत. एक कोकरू तिला लावा.

आमच्या प्रत्येक खांडव्यात, म्हणजे कळपात, मेंढरांबरोबर चार-दोन शेळ्या असतातच. चहाला दूध होतं ही एक गोष्ट झाली. दुसरी म्हणजे पोरकं कोकरू, जुळ्यातलं मागं पडलेलं कोकरू त्यांच्यावर जगतं. माझी आई शेळीला कोकरांची दाई म्हणायची. फलटणच्या नारी, म्हणजे निंबकर कृषी संशोधन संस्थेनं सुवर्णा मेंढी काढली, तिला जुळी जास्त होतात. तशी मेंढरं आमच्या भागात आली तेव्हापासून दाई शेळीचं काम वाढलंय. दख्खनी मेंढी बहुतेक एकच देते, तिथं एवढा प्रश्न येत नव्हता.

लावायचं कसं ते सांगतो. शेळी पिल्लू ओळखते ती वासावर, आणि हुंगते ती शेपटीखाली. म्हणून तिच्याच चिकानं कोकराचं ढुंगण, शेपटी, डोकं चोळायचं. तिची वार अजून टाकली नसेल तर ती घासायची, सगळ्यात बेस. मग शेळीला कोपऱ्यात आखूड दाव्यानं बांधायची, एकानं मागचा पाय धरायचा, दुसऱ्यानं कोकरू सडाला लावायचं. तिचं स्वतःचं करडू दुसऱ्या सडाला त्याच वेळी. करडू पीत असलं की ती पान्हा चोरत नाही. पहिल्यांदा लाथा मारंल, शिंग उगारंल. धीर सोडायचा नाही. तिचं दूध कोकराच्या पोटातून जाऊन लेंडीला तिचा वास आला की ती आपणहून चाटायला लागते. दोन-चार दिवसांचा खेळ असतो.

गोराईवाडी

किती छान सांगितलंत दादा. शेजारच्या काकू तयार आहेत, दुधाच्या बदल्यात आम्ही त्यांना खुराक देऊ. मग मादीलाच लावते, ती अशक्त आहे, तिला आईची जास्त गरज आहे.

वाघर

नाही ताई. उलटं करा. शेळीला नर लावा.

तापट शेळीखाली अशक्त कोकरू टिकत नाही. ती बाजूला झाली की हे खाली पडतं, दुसऱ्यांदा उठत नाही. नर दांडगा आहे, लाथ खाऊन परत सडाला जाईल. मादीला तुमच्या हातची बाटली द्या, म्हणजे किती प्याली ते डोळ्यानं दिसतं.

गुरांचा_डॉक्टर

वाघर यांच्याशी पूर्ण सहमत. मी परळच्या १८८६ सालच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकलो, नोकरीची बरीच वर्षं मेंढपाळांच्या भागात काढली. वासाची ही गोष्ट वर्गात शिकलो होतो, पण करून बघितली ती वाड्यावरच्या बायकांकडून. नर शेळीला लावण्याचं अजून एक कारण आहे, ते पुढे सांगेन.

आता मादीच्या दुधाचं. सासूबाईंचा मान राखून सांगतो, पाणी अजिबात घालू नका. मेंढीचं दूध गायीपेक्षा खूप घट्ट असतं, फॅट ७ टक्क्यांच्या आसपास. गायीचं चारच्या आगेमागे. म्हशीचं जवळपास मेंढीएवढंच. आपल्या मुंबईत म्हशीचं दूध सहज मिळतं, तेवढी या कोकरांची नशीबवान बाजू. पिशवीचं घ्यायचं तर फुल क्रीम घ्या, त्यात ६ टक्के फॅट असते. टोन्ड दुधात ३. टोन्डमध्ये निम्मं पाणी घातलं तर कोकरू पोटभर पिऊन उपाशी राहतं. साखर, गूळ, मध काही नको.

पहिला आठवडा दिवसाकाठी वजनाच्या १५ ते २० टक्के दूध, पाच-सहा वेळांत विभागून. तुमच्या मादीला एका वेळी ५० ते ७० मिली. रात्री अकरा आणि पहाटे चार-पाच, एवढं उठलात की झालं. दुसऱ्या आठवड्यात चार वेळा. एका वेळी जास्त देऊन वेळा कमी करायचा मोह होतो, तो टाळा. एकदम भरपूर प्यायलं की कोकराच्या चार पोटांपैकी चौथ्यात दूध आंबून पोट फुगतं आणि चांगलं वाढलेलं तिसऱ्या आठवड्यातलं कोकरू काही तासांत जातं. पिऊन झाल्यावर कुशी सपाट दिसल्या पाहिजेत. बाहेर फुगल्या तर जास्त झालं, आत गेल्या तर कमी.

कुर्लेकरीण

कसं धरायचं तेही सांगा ना डॉक्टर. आमच्या चाळीत पोरं करडाला बाळासारखं मांडीवर उताणं घेतात आणि बाटली लावतात, मी दर वेळी ओरडते.

गुरांचा_डॉक्टर

बरं झालं विचारलंत. पिल्लू चारी पायांवर उभं, मान पुढे आणि थोडी वर, जसं आईच्या कासेखाली असतं तसं. त्या स्थितीत चोखताना अन्ननळीच्या शेवटी एक घळ मिटते आणि दूध पहिल्या पोटाला वळसा घालून थेट चौथ्या पोटात जातं. उताणं धरलं, चमच्याने किंवा वाटीने ओतलं, तर ते पहिल्या पोटात सांडतं. तिथे दूध पचवायची सोय अजून झालेली नसते, ते सडतं.

निपलचं भोक तपासा. बाटली उलटी केल्यावर थेंब थेंब पडलं पाहिजे, धार लागता कामा नये. पिताना नाकातून दूध आलं की भोक मोठं आहे.

कुर्लेकरीण

धन्यवाद. माझाही अनुभव लिहिते.

आमचं मूळ गाव महाडजवळ, तिकडे घरात शेळ्या होत्या. कुर्ल्याला आल्यावर सासऱ्यांनी ती आवड सोडली नाही, पोटमाळ्याच्या जिन्याखाली एखादं करडू असायचंच. बाटलीची स्वच्छता हा अर्धा खेळ आहे. मुंबईच्या दमटपणात बाटलीच्या तळाशी राहिलेला दुधाचा साका तासा-दोन तासांत आंबतो. निपल उलटं करून आतून चोळायचं, बाटली उकळायची, फडक्याने पुसायची नाही, पालथी घालून वाळू द्यायची. दोन बाटल्या ठेवा, एक वाळत असताना दुसरी हाताशी.

आणि पिल्लाची जागा कोरडी. खाली बारदान घातलंत तर रोज बदला. हाताने दाबून बघायचं, तळव्याला ओल लागली की बदलायचं.

दादरची_आई

धागा वाचून मुलगी हट्टाला पेटली आहे. आमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे, मोठी गॅलरी आहे. असं एखादं कोकरू दोन-तीन महिने घरी वाढवून मग कुणाच्या शेतावर दिलं तर? मुलांना प्राण्यांची ओळख होईल असं वाटतं.

वाघर

ताई, रागावू नका, पण नको. कोकरू एकटं राहणारं जनावर नाही. त्याला दुसऱ्याची पाठ दिसली पाहिजे. एकटं वाढलेलं कोकरू नंतर कळपात सोडलं तर कडेला उभं राहून माणसाकडं बघत बसतं, चरायला शिकत नाही. लेकीला घेऊन एखाद्या वाड्यावर या. दिवाळीनंतर पनवेल, कर्जत, कल्याणच्या बाजूला भात निघालेल्या शेतांत आमची माणसं असतात. कोकरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, असतात तेव्हा लेकरांना आत सोडतो आम्ही.

दादरची_आई

हे जास्त आवडलं. नक्की जाऊ.

आरेचा_पाडा

रात्री कुठे ठेवताय ते सांगा ताई. आमच्या पाड्यावर संध्याकाळ झाली की शेळ्या घरातच घेतो, दाराला अडसर. राष्ट्रीय उद्यानाला लागून असल्याने बिबट्या अंगणापर्यंत येतो. तुमच्याकडे बिबट्या नसेल, पण किनाऱ्यावरची कुत्री टोळीने फिरतात. करडाचा आवाज आला की कुडाखालची माती उकरतात. खालून दोन हात जाळी पुरून घ्या.

गोराईवाडी

इतक्या दिवसांनी लिहिते आहे, पण रोज वाचत होते.

नर शेळीने स्वीकारला! तिसऱ्या दिवसापर्यंत पाय धरावा लागला, मग एका सकाळी काकू गोठ्यात गेल्या तर ती उभी राहून त्याच्या शेपटीखाली हुंगत होती आणि हा करडाच्या बरोबरीने ढुसण्या देत होता. तेव्हापासून कुणी धरलेलं नाही.

मादी घरात आहे. पहिले काही दिवस खोक्यात, मग ओटीवर. छान वाढली आहे, कुशी भरल्यात, पाठीवर हात फिरवला की मणके बोटाला टोचत नाहीत. पण दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, मुलं तिला बिस्किटं भरवतात, तीही आवडीने खाते. चालेल का? दोन, तिला शेळ्यांच्या गोठ्यात सोडलं की ती ओरडत दारापाशी येते आणि माझ्यामागे घरात शिरते. मला सोडवत नाही खरंच. घरातच ठेवली तर?

वाघर

सोडा तिला. आज सोडा.

तिला वाटतंय ती माणूस आहे. त्यात तिचा दोष नाही, डोळे उघडल्यापासून तिनं तुम्हालाच बघितलंय. पण ती मेंढी आहे आणि पावसाच्या आधी तिला मेंढरांतच जायचंय. बाटली आता गोठ्यातच द्या. घरात आणून पाजायची नाही, शेळ्यांच्या मधे उभं राहून पाजायची आणि लगेच निघून यायचं. भावाला, म्हणजे त्या नराला, दिवसा तिच्याबरोबर ठेवा. एकमेकांच्या अंगाला अंग लावून बसतील. पहिल्या दोन रात्री ओरडंल. ऐकवत नाही ते मला माहीत आहे, माझ्या घरात लहानपणी असंच कोकरू होतं. उठून जाऊ नका.

गुरांचा_डॉक्टर

बिस्किटं बंद करा. मैदा आणि साखर कोवळ्या पोटात पडली की आम्लता वाढते, हगवण लागते. त्याऐवजी दहाव्या दिवसापासूनच पुढ्यात मूठभर मक्याचा भरडा आणि पेंड, कोवळा लसूणघास, सुबाभळीचा किंवा हादग्याचा पाला टांगून ठेवायचा. ती खेळता खेळता चघळते. त्या चघळण्यानेच पहिलं पोट तयार होतं. शेळ्या खाताना बघून ती लवकर शिकेल, गोठ्यात ठेवण्याचा हा मोठा फायदा. पाणी पहिल्या आठवड्यापासून समोर असू द्या, बाटलीचं दूध पितंय म्हणजे पाणी मिळतंय असं नाही.

एक इशारा. गोठ्यात म्हशींसाठीचं क्षार मिश्रण असेल तर मेंढीला देऊ नका. त्यात तांबं असतं. शेळीला, गायीला ते सोसतं, मेंढीच्या यकृतात ते साठत जातं आणि एक दिवस कावीळ होऊन जनावर जातं. मेंढीचं मिश्रण वेगळं मिळतं, तेच आणा.

आरेचा_पाडा

हे माहीत नव्हतं. आमच्याकडे मेंढ्या नाहीत, पण लक्षात ठेवतो.

कुर्लेकरीण

हगवणीचं विचारायचं होतं. माझ्या नणंदेकडे तीन आठवड्यांचं करडू आहे बाटलीवर, कालपासून पातळ पिवळं होतंय. खेळतंय, पितंय. दूध बंद करू का?

गुरांचा_डॉक्टर

खेळतंय, पितंय, ताप नाही, तर एक-दोन वेळचं दूध बंद ठेवून तेवढंच ओआरएस कोमट पाण्यातून द्या, मग परत दूध सुरू करा. दिवसापेक्षा जास्त दूध तोडू नका, ताकद जाते. ओआरएस दुधात कालवू नका. दूध पोटात विरजलं पाहिजे, क्षारांनी ते नीट विरजत नाही.

पण रक्त दिसलं, शेपटीला चिकट काळं लागलं, किंवा कान गार पडून पिल्लू कोपऱ्यात उभं राहिलं तर थांबू नका. तीन ते सहा आठवड्यांच्या वयात कॉक्सिडिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीचा त्रास असतो, ओल्या गोठ्यात जास्त. त्याला औषध वेगळं, लेंडी तपासून द्यावं लागतं. कुर्ल्याहून परळ जवळ आहे. बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयात घेऊन जा.

कुर्लेकरीण

कळवते तिला. शुक्रिया.

गुरांचा_डॉक्टर

मागे म्हटलं होतं, नर शेळीला लावण्याचं अजून एक कारण आहे. ते आता सांगतो, कारण गोराईच्या ताईंना पुढे निर्णय घ्यायचा आहे.

माणसाच्या हातून बाटली प्यायलेला नर मोठा झाला की माणसाला भीत नाही. कळपातला एडका दुसऱ्या एडक्याला टक्कर देतो, हा माणसाला देतो, कारण त्याच्या लेखी माणूसच त्याच्या जातीचा. लहानपणी मुलं त्याच्या कपाळावर हात ठेवून ढकलाढकली खेळतात, तो तेच शिकतो. वर्षभरात तोच नर म्हाताऱ्या माणसाचं मांडीचं हाड मोडू शकतो. अशा केसेस मी बघितल्या आहेत. तुमचा नर शेळीखाली वाढला, त्यामुळे तो धोका बराच कमी झाला. तरी कपाळाला हात लावू देऊ नका आणि वाडीतच ठेवायचा असेल तर डॉक्टरकडून खच्ची करून घ्या.

गोराईवाडी

सात आठवडे झाले दोघांना. मादी खुराक चांगला खाते, बाटली आता सकाळ-संध्याकाळच. वाघरदादांनी सांगितलं तसं केलं. त्या दोन रात्री फार कठीण गेल्या, पण आता संध्याकाळी ती शेळ्यांबरोबर आपणहून आत जाते.

बाटली कधी तोडू? आणि धनगरमामांचा फोन आला होता, वैशाखात परत फिरणार आहेत. ते मादी मागतील असं वाटतं. माझा जीव तिच्यात आहे. हक्काने मागू का मी तीच?

गुरांचा_डॉक्टर

जन्मवजनाच्या अडीच-तीन पट झाली असेल आणि दिवसाला दीडशे-दोनशे ग्रॅम खुराक हगवण न लागता पचवत असेल तर तोडायला हरकत नाही. एकदम नको. आधी संध्याकाळची, आठवड्याने सकाळची.

कुर्लेकरीण

ताई, मनातलं सांगते. आमच्याकडे हाताने वाढवलेला बोकड ईदला असतो, आणि दर वर्षी घरातलं कुणी ना कुणी रडतं. सासरे म्हणायचे, जीव लावल्याशिवाय वाढवू नये आणि वाढवलं म्हणून धरून ठेवू नये. जिथे त्याचं भलं आहे तिथे द्यावं. तुमच्या मादीचं भलं कशात आहे ते बघा.

वाघर

ताई, मी धनगराच्या बाजूनं बोलतोय असं समजू नका. गोराईचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. दख्खनी मेंढी माळरानावरची. चार महिने पायाखाली चिखल राहिला की खुरं सडतात, ओल्या गवतातनं जंत होतात, लोकर वाळत नाही म्हणून खोकला लागतो. आमची माणसं मेघराजा यायच्या आत घाट चढून जातात ते उगीच नाही. शेळ्यांपुरती तुमची वाडी बरोबर आहे, कोकण कन्याळसारखी पावसातली जात तिथं टिकते. मेंढी नाही टिकणार.

आणि मादीला तिकडं मान मिळंल. हाताला लागलेली मेंढी हाक मारली की येते. रस्ता ओलांडताना, ओढा उतरताना धनगर पुढं चालतो, ती त्याच्यामागं आणि तिच्यामागं सगळा खांडवा. आमच्या घरी अशी एक होती, आई तिला नावानं बोलवायची. अशी मेंढी कुणी विकत नाही, म्हातारी होऊन मरेस्तोवर कळपात राहते. नराचं तसं नाही, तो बाजाराला जाणारच, मग तुम्ही ठेवा किंवा ते नेऊ देत. हे आधीच मनाशी धरून चाला.

गोराईवाडी

रात्रभर विचार केला, घरात बोललो. मादी वाड्याला देणार. नर आमच्या वाट्याचा, पण तोही पावसात इथे राहू नये हे पटलं. त्यालाही त्यांच्याबरोबर पाठवते, विकला की निम्मे पैसे ते देतील असं मामांनी बोलणं केलं आहे. त्यातून शेजारच्या काकूंच्या शेळीचा खुराक भागेल, दूध तिने पाजलं आहे.

आता मला सांगा, कळपात सोडताना काय काय करू?

गुरांचा_डॉक्टर

वय तीन महिने झालं की पीपीआरची, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या प्लेगची, लस. ती कळपात जाण्याच्या किमान दोन-तीन आठवडे आधी झाली पाहिजे, अंगात ताकद यायला तेवढा वेळ लागतो. आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यात विष तयार होणाऱ्या रोगाची, लस पावसाळ्याच्या तोंडावर देतात, तिचाही पहिला डोस आणि पंधरा दिवसांनी दुसरा असा हिशेब धरून सरकारी दवाखान्यात तारीख विचारा. लेंडी तपासून जंताचं औषध. आणि कुठली लस कधी दिली ते कागदावर लिहून धनगरमामांच्या हातात द्या, तिकडे परत टोचली जाऊ नये.

वाघर

भिवंडीला वाडा येईल तेव्हा एक दिवस आधी न्या. पहिल्या रात्री दोघांना कोकरांच्या वाघरीत ठेवायला सांगा, मोठ्या मेंढरांत एकदम नको, तुडवतील. तुमच्या गोठ्यातलं थोडं बारदान बरोबर द्या, त्यावर बसतील. भरड्याची पिशवी द्या, पहिले काही दिवस ओळखीचा खुराक पोटात गेला पाहिजे. तुम्ही ज्या हाकेनं बोलवता ती हाक धनगरमामांना शिकवा, त्यांच्या तोंडून दोन-चार वेळा मारायला लावा आणि त्यांच्याच हातून भरडा खाऊ घाला.

मग निघताना तिच्यासमोरून जाऊ नका. ती चरायला वळली की निघा.